तळीतला पाहुणा

विकणारीने पाटीतला मासा उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "याला कुणी शिवलंय की काय?"

माशाच्या कुशीतून एक पांढरट दोरा लोंबत होता. नखाएवढा लांब, टोकाशी दोन शेंडे फुटलेला. जिथून निघाला होता तिथली कातडी लाल होऊन सुजली होती. सून अंगठ्याने तो पुसायला गेली. पुसला जाईना. तिने दुसरा मासा पुढे केला, त्याला दोन दोरे. तिसरा केला, त्याच्या गालाखालूनच एक.

"राहू दे बाई, सगळी पाटी उपसू नकोस," विकणारी म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तुझ्या सासूकडचे मासे मी डोळे मिटून घेत आले. पण गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून येतं. काल एकीने मासा परत आणून माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाली, हा आता तूच खा."

"शिजवला की काही होत नाही."

"ते मला माहीत आहे गं. तिला सांगायला तू येशील का?"

विकणारीने पाटी गटारीच्या कडेला पालथी केली. मांजरं धावली. त्यांनीसुद्धा आधी हुंगून घेतलं, मग तोंड लावलं. सुनेने रिकामी पाटी काखेत मारली आणि तिचं तोंड अंगाकडे करून बाजारातून निघाली. रिकामी आहे हे निदान समोरून दिसू नये.

हा मासा तलावात आला त्याला दोन हंगाम झाले होते. कुणी आणला, का आणला, देव जाणे. जाड ओठांचा, भुऱ्या खवल्यांचा, चिखल उकरून पाणी गढूळ करणारा. पहिल्यांदा जाळ्यात आला तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं आणि नाव पडलं पाहुणा. मग पाहुणा घरचाच झाला. घरच्या माशांची अंडी खाऊ लागला, आणि वर हे दोरेही त्यानेच आणले. त्याला स्वतःला दोरे सोसत. अंगावर चार लोंबत असले तरी गडी ताजातवाना. पण इथला जुना मासा, ज्याला सगळे चांदी म्हणत, त्याला एकसुद्धा सोसत नसे. दोरा लागला की जखम, जखमेवर बुरशी, आणि एके सकाळी मासा कडेला येऊन आडवा. यंदा तलावात चांदी कुणी पाहिली नव्हती.

तरी घरात कुणाचा धीर सुटला नव्हता, कारण वर तळी होती.

तळी म्हणजे उताराच्या डोक्यावरचं दगडी बांधाचं लहानसं तळं. कोपऱ्यात झरा. बाकीचं पाणी पाटाचं, तेही बारीक जाळीतून येणारं. तिथे चांदी राखलेली असे. दरवर्षी तिथली पिल्लं हंड्यातून खाली आणून तलावात सोडायची आणि वर्षभर तलावावर जगायचं, हा या घराचा पिढ्यांचा धंदा. तलावातलं सगळं गेलं तरी तळी आहे तोवर बी आहे.

सून घरी पोचली तेव्हा नवरा अंगणात बसला होता. पिल्लांसाठी तळीवर लहान जाळं टाकून आलेला. हंडा समोर होता. तिने आत डोकावलं. जाड ओठ, भुरे खवले. पाचसहा पाहुणे एकमेकांवर चढत होते, आणि त्यांच्या अंगावर दोरे.

"कुठले?" तिने विचारलं, जरी उत्तर दिसत होतं.

"वरचे." नवऱ्याने हंड्याला पायाने ढकललं. "तीनदा टाकलं जाळं. तिन्हीदा हेच. आता तू मला सांग, पाणी चढत नाही. मग मासा चढला कसा?"

ओसरीवर सासूबाई जाळ्याला गाठी मारत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "देव करो आणि एखादी तरी चांदी असो," एवढंच म्हणाल्या आणि पुढची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावातलं जाळं वर आलं तसा सुनेने पहिला मासा पाण्याच्या लोट्यात घातला आणि चढण चढू लागली.

हे सासूबाईंचं व्रत. लग्न होऊन आल्यापासूनचं. जाळ्यातला पहिला मासा आपला नाही. तो जिवंत तळीवर न्यायचा, शेपटीच्या वरच्या टोकाला कात्रीने एक छोटी खाच द्यायची, म्हणजे पुन्हा चुकून सापडला तरी कुणी मारणार नाही, आणि "घे, तुझं तुला" म्हणून सोडून द्यायचा. सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही. घरी येऊन त्याचं नाव काढायचं नाही. दिलेल्या दानाची चर्चा केली की दान आटतं. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून हे काम सुनेकडे आलं होतं. आधी ओझं वाटायचं, मग आवडायला लागलं. दिवसभरात तेवढाच वेळ ती एकटी असायची, आणि तेवढंच काम असं होतं ज्यात कुणी खोट काढत नसे.

तिने लोटा तिरका केला, खाच दिली, शब्द म्हटले. पाण्यात बुडुक झालं. मागे न बघता ती उतरली.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. माशांच्या सरकारी दवाखान्यातल्या. नवऱ्याने निरोप धाडला होता, पण इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं. बारीकशा, बुटांत चिखल भरलेला, गळ्यात भिंग. ओसरीवरच बसून त्यांनी हंड्यातला मासा ओल्या फडक्यात धरला, चिमट्याने दोरा अगदी कातडीलगत पकडला आणि सावकाश ओढला. दोरा निघाला, आणि त्याच्यामागून निघालं नांगराच्या फाळासारखं फाटे फुटलेलं डोकं.

"बघा आजी," त्यांनी भिंग सासूबाईंच्या डोळ्याला लावलं. "दोरा नाही हा. जीव आहे. बाहेर लोंबतं ते धड, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. डोकं आत रुतलेलं."

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "आई गं," म्हणाल्या. "घरात घुसून खांबालाच धरून बसलाय की."

"तसंच. आणि याची पोरं पाण्यात सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा नुसते मासे काढून भागायचं नाही. तळी रिकामी करा. उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवा. चांदी सापडली तर दोरे उपटायचे, मिठाच्या पाण्यातून काढायची आणि स्वच्छ पाण्यात वेगळी ठेवायची. रोज तपासायची. पाटाचं पाणी कधी सुटतं?"

"पुढच्या पाळीला."

"मग उद्याच काढा." त्या उठल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. "आणि एक. हे वर आले कसे ते शोधा. नाहीतर तळी धुवाल, पुसाल, आणि पुन्हा तेच."

नवऱ्याने ते शोधूनच ठेवलं होतं. तो तडक किनाऱ्यावर गेला. तिथे पलीकडचा आपली होडी पालथी घालून डांबर लावत होता. तलावाच्या दुसऱ्या काठावर घर म्हणून त्याला सगळे पलीकडचा म्हणत, आणि जाळ्याच्या हद्दीवरून दोघांचं जुनं वाकडं.

"आमच्या तळीत पाहुणे कुणी टाकले?"

"मला काय विचारतोस? पाहुण्यांना विचार, कुणाकडे उतरलात म्हणून."

किनाऱ्यावर हशा पिकला. नवरा लाल झाला. मागे सून उभी होती, तिने शर्ट ओढला, पण तोंड कुणाला ओढता येतं?

"तूच टाकलेस. आमचं बी बुडालं की सगळा तलाव तुलाच. इतकी वर्षं डोळा होता तुझा."

हसणं थांबलं. पलीकडच्याने ब्रश डब्यात ठेवला, बोटं फडक्याला पुसली. "उद्या उपसताय ना तळी? मी येतो. माझा हात त्यात निघाला तर तिथेच तोडून घे." आणि पुन्हा डांबर लावायला बसला.

वाटेत सुनेने विचारलं, "आता चांदी सापडली तर ठेवणार कशात? एवढा हौद फक्त पलीकडच्यांचा आहे, इकडच्या किनाऱ्यावर. जाळी भिजवायचा."

नवरा कानशील खाजवत राहिला.

दुसरा दिवस उजाडला तो जत्रेसारखा. घमेली, परड्या, पिंपं, जुन्या बादल्या घेऊन माणसं चढणीला लागली. बगळ्यांनाही कुणी आवतण दिलं होतं की काय, बांधावर ओळीने हजर. सासूबाई म्हणाल्या, "माझी तळी उपसताय आणि मी घरात बसू?" तेव्हा त्यांना खुर्चीसकट उचलावं लागलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी.

"मावशी, उपास करता म्हणता," पाटकरी धापा टाकत म्हणाला. "कधी करता? झोपेत?"

"खाली बघून चाल. पाडलंस तर तुझ्याच घरी राहायला येईन."

बांधाच्या पोटातल्या मोरीला लाकडी दट्ट्या ठोकलेला होता. तो कित्येक वर्षांत हलला नव्हता. पहार लावली, तिघं लोंबकळले. दट्ट्या कुरकुरला, मग अचानक असा सुटला की तिघेही पाठीवर. पाणी गरजत बाहेर आलं. मोरीच्या तोंडाशी सुनेने जाळं दुहेरी करून धरलं होतं. पहिल्याच लोंढ्याने तिला गुडघ्यांवर आणलं. ती हसायला लागली. का हसते हे तिलाही कळेना. नाकातोंडात पाणी, हाताला रग, आणि छातीत एकच धडधड: आहे का, एखादी तरी आहे का?

पाणी उतरत गेलं. कडेचे दगड उघडे पडले, शेवाळाचा वास सुटला. मधला चिखल वर आला आणि तो चिखल हलत होता. पाहुणेच पाहुणे. शेपट्या आपटताहेत, एकमेकांखाली दडताहेत. लोक आत उतरले. कुणी मांडीपर्यंत रुतलं, कुणाची चप्पल गेली, कुणी निसटत्या माशाबरोबर स्वतःच लोटांगण घातलं. घमेल्यामागून घमेली बांधावर येऊ लागली. नवरा प्रत्येक घमेल्यात हात घालून उलथापालथ करी आणि मान हलवी. चांदी नाही. यातही नाही.

पलीकडचाही उतरला होता. बोलत कुणाशी नव्हता, पण हात चालू होते. एक पाहुणा त्याने कल्ल्यांत बोट घालून उचलला, आणि टाकायच्या आधी थांबला. त्याची शेपटी पसरून बघितली. तो खाली ठेवून दुसरा उचलला. मग तिसरा.

"वहिनी," त्याने हाक मारली. "जरा इकडे या."

सून चिखल तुडवत गेली. त्याने मासा तिच्यापुढे धरला. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच होती. अगदी ताजी, कात्रीची. दुसऱ्याच्या शेपटीला जुनी, भरून येता येता वाकडी झालेली. तिसऱ्याचीही तशीच.

"ही खूण कुणाची?"

त्याने आवाज चढवला नव्हता. पण जवळचे थांबले, मग लांबचेही थांबले. ती खूण तलावावरच्या सगळ्यांना माहीत होती. पावसात तळी ओसंडून असा मासा खाली जाळ्यात आला की हात जोडून सोडून देत असत. सुनेच्या अंगावरून चिखलाचं पाणी ओघळत होतं आणि आत काहीतरी त्याच्या उलट, वर चढत होतं. रोजची चढण. रोजचा लोटा. मागे वळून न बघणं. तलावात पाहुणे माजले तसा जाळ्यात पहिला तोच यायचा. पाणी चढत नाही, मासा चढत नाही. तिने चढवला होता.

"काय म्हणतोय तो?" बांधावरून सासूबाईंनी विचारलं.

नवरा घमेल्यात हात घालून तसाच वाकलेला. सुनेने पलीकडच्याच्या हातून मासा घेतला, बांध चढली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आई, आपली खूण आहे."

सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली केला. खाचेवरून अंगठा फिरवला. "सगळ्यांना?"

"पुष्कळांना."

"तू मला विचारलं होतंस. हा पहिल्यांदा आला तेव्हा. हा आपला नाही, सोडू का म्हणून."

"तुम्ही म्हणालात, जिवाला जात नसते."

"नसतेच." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पण जागा असते. ती बघितली नाही मी. डोळे मिटून देत राहिले, आणि तुलाही मिटायला लावले." मग त्यांनी मान वर केली. "पलीकडच्या, इकडे ये बाळा. काल तुला जो बोल लागला तो माझा होता. माझ्या मुलाच्या तोंडून गेला एवढंच. देवापुढे नाक घासते तशी तुझ्यापुढे घासते."

"आजी, असं नका करू," पलीकडचा कसनुसा झाला.

नवरा उठला. दोन्ही हात चिखलाने कोपरापर्यंत भरलेले. "चुकलो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द सुनेने लग्नापासून ऐकला नव्हता. पुढे आणखी काही म्हणायचं असावं, पण तेवढ्यात कोपऱ्यातून पाटकरी ओरडला:

"अरे, रडारड नंतर करा. इकडे झऱ्यात काहीतरी चमकतंय."

सगळे धावले. चिखलात धावणं म्हणजे एक पाय काढावा तर दुसरा गिळला जावा. झऱ्याच्या तोंडाशी दगडांच्या बेचक्यात हातभर खोल पाणी उरलं होतं. गार आणि नितळ. पाटकरी पोटावर पडून आत बघत होता. सूनही त्याच्या शेजारी पडली. आधी नुसता अंधार. मग अंधारात एक कूस वळली आणि लखकन उजेड पडला. परत एक. परत.

"चांदी," ती म्हणाली. "अहो, चांदी आहे."

"किती?"

"तुम्हीच बघा ना हो, मला मोजता येतंय का आता."

पाहुण्याला उथळ चिखल आवडतो. इथे गार पाण्याला तो आला नव्हता. थोड्याशा चांद्या दगडांना चिकटून राहिल्या होत्या. दोरे त्यांनाही लागले होते, जखमाही होत्या, पण त्या उभ्या होत्या, कल्ले हलत होते. त्यातली एक पोटाला टम्म.

"भरलेली आहे," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या कुणाला कळलं नव्हतं. बूट त्यांनी या वेळी बाहेरच काढले होते. "अंडी आहेत पोटात. हळू. हात ओले करून धरा, खवलं निघता कामा नये. ठेवायचं कशात?"

नवरा पलीकडच्याकडे बघेना. पलीकडचा त्याच्याकडे बघेना. शेवटी पलीकडचाच म्हणाला, "हौद धुवून भरून ठेवलाय. पहाटेच."

"पहाटे? तुला काय माहीत होतं?" नवऱ्याने विचारलं.

"मी टाकले नाहीत एवढं माहीत होतं. म्हणजे भांडण मिटणार होतं. आणि मासे ठेवायला जागा तर लागणारच."

एकेक चांदी ओल्या फडक्यात गुंडाळून उतारावरून नेली ती तान्ह्या बाळांसारखी. पुढे माणूस धावे, "सरका, सरका" करत. हौदाशी डॉक्टरीणबाईंनी चिमटे मांडले, मीठ मोजून पाण्यात कालवलं. सासूबाईंची खुर्ची हौदाला लागून ठेवली. त्यांनी पहिला दोरा ओढला तो मधेच तुटला. डोकं आतच.

"घाई केली आजी. कातडीलगत धरा. ओढायचं नाही, सोडवायचं."

"माळ ओढायची सवय ना," सासूबाई म्हणाल्या. दुसरा धरला. श्वास रोखून, हळूहळू. अख्खा निघाला, नांगरासकट. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू फुललं की सुनेने बघतच राहावं. "आला. आला गं मुळासकट. आण पुढची."

ऊन कललं तरी त्यांना उठवेना. भरलेली चांदी शेवटी आली. तिच्या अंगावरचे दोरे त्यांनी कुणाला काढू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं वर आलं. पहिला मासा पाहुणा. सुनेने सवयीने लोट्यात घातला, आणि मग लोटा हातात धरून ओसरीपुढे उभी राहिली. चढणीच्या टोकाला आता नुसता चिखल वाळत होता.

"आई, आज काय करू?"

सासूबाई हौदाकडे निघायच्या तयारीत होत्या, चिमटा हातात. त्यांनी चिमटा पदराला पुसला, पुन्हा पुसला. इतक्या वर्षांची रीत अशी एका रात्रीत हात सोडत नाही.

"माझं व्रत रोज एका जिवाला सोडवायचं," त्या म्हणाल्या. "ते मी हौदावर करते. रोज एक तरी दोरा. सोडवणं ते सोडवणंच."

"आणि हा?"

त्यांनी लोट्यात वाकून बघितलं. पाहुण्याने जाड ओठ उघडले, मिटले.

"पाहुणा ना हा? मग किती दिवस अंगणात तिष्ठत ठेवणार? आत घे. तवा तापव. मीठ-तिखट लाव. मला सोडून सगळ्यांना वाढ. देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

तळी वाळली. आधी पापुद्रे सुटले, मग भेगा पडल्या, मग भेगांत हात जाऊ लागला. रोज सकाळी सासूबाई हौदावर. नवे बारीक दोरे दिसत, ते निघत. मग कमी दिसू लागले. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक चांदी भिंगाखाली फिरवली आणि भिंग गळ्यात टाकलं. "काही नाही," म्हणाल्या, आणि स्वतःच टाळी वाजवली.

पाटाची पाळी आली. जाळी नवी, दुप्पट बारीक. पाणी शिरलं तेव्हा भेगांनी आधी ते गटागटा पिऊन टाकलं, बुडबुड्यांचा आवाज बांधावर ऐकू येत होता. मग तळ झाकला. मग आभाळ दिसू लागलं त्यात. पाण्याने नेहमीची रेघ गाठली तसे हंडे वर आले आणि त्यांच्यामागून खुर्ची आली. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला या वेळी पलीकडचा.

सुनेने पहिली चांदी हंड्यातून काढली. तीच, भरलेली. सवयीने तिने कनवटीची कात्री चाचपली.

"खूण नको," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू नको, मी नको. त्याच्या हातात दे."

पलीकडचा गोंधळला. हात ओले करून त्याने मासा घेतला, पाण्याशी वाकला आणि तसाच मान वळवून विचारू लागला, "आजी, ते तुमचं काय असतं? काय म्हणून सोडायचं?"

"म्हणायचं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी नीट बघ, हातात कोण आहे ते."

त्याने बघितलं. ही कूस, ती कूस, कल्ल्याखाली, शेपटी पसरून. सगळे वाकले होते. बरा झालेला एक लालसर डाग, बाकी डोक्यापासून शेपटीपर्यंत नुसती चांदी. "घे," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द आठवेपर्यंत तिने अंगाला एक हिसडा दिला, त्याच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेली.

या वेळी सुनेने पाठ फिरवली नाही. ती पाण्याकडे बघत उभी राहिली, चांदी दिसेनाशी होईपर्यंत.